महाकाय अजगर घरी पाळावा काय?

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर कुळागरात झावळ्या गोळा करताना किंवा बांधावरील दगड हलविताना कधी कधी हातभर लांबीचे एक पिल्लू दृष्टीस पडते. अंगावर तपकिरी आणि पिवळसर रंगांची रेखीव नक्षी असते, डोक्यावर भाल्याच्या पात्यासारखी खूण असते आणि हालचाल संथ असते. ते अजगराचे पिल्लू आहे व ते विषारी नाही, हे कळताच पाहणाऱ्यांची भीती ओसरते. तिची जागा कुतूहल घेते. अशा वेळी घरातील एखादा तरुण सहज बोलून जातो, "आपण हे पाळूया!" त्याने मोबाइलवर परदेशातील चित्रफिती पाहिलेल्या असतात. त्यांत कोणी दिवाणखान्यात बसून गळ्यात अजगर मिरवीत असतो, तर कोणी त्याला मांजरासारखे कुरवाळीत असतो.

तरुणाचे हे कुतूहल दोषास्पद नाही. सापांविषयीच्या आंधळ्या भीतीपेक्षा ते केव्हाही बरे. तथापि कुतूहलापासून पालनापर्यंतची वाट फार लांबची आहे. ज्या देशांत अजगर पाळण्यास मुभा आहे, तेथील अनुभव काय सांगतो आणि आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो, या दोन्ही गोष्टी नागरिकांनी नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

महाकाय अजगर म्हणजे कोणते?

जगात अजगर कुळातील अनेक जाती आहेत. परंतु त्या सर्वच महाकाय नव्हेत. पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन हा अजगर साधारणतः एक ते दीड मीटरच भरतो आणि घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो. महाकाय या संज्ञेस पात्र ठरणाऱ्या जाती मोजक्याच. त्यांपैकी आग्नेय आशियातील जाळीदार अजगर हा जगातील सर्वांत लांब साप होय. अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे बंदिवासात असलेली या जातीची एक मादी २०११ साली मोजली असता ७.६७ मीटर, म्हणजे पंचवीस फुटांहून अधिक भरली होती. ब्रह्मदेशी अजगर, आफ्रिकेतील खडकी अजगर आणि आपल्याकडील भारतीय अजगर हेही याच मालिकेत येतात. दक्षिण अमेरिकेतील प्रसिद्ध ॲनाकोंडा मात्र अजगर नव्हे. तो बोआ कुळातील असून त्याची मादी पिलांना जन्म देते. अजगराची मादी अंडी घालते.

भारतीय अजगर हाच आपल्या परिसरात आढळणारा अजगर होय. कोकणपट्टीत त्याला 'आर' असेही म्हणतात. तो सामान्यतः तीन मीटरांच्या आसपास वाढतो. त्याहून मोठेही आढळतात. उन्हाळ्यात मादी अंडी घालते आणि त्यांच्याभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने राखण करते. पावसाच्या तोंडाशी पिल्ले बाहेर पडतात ती याच कारणाने. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात तर अजगर थंडीच्या दिवसांत साळिंदरांच्या बिळांचा आश्रय घेतात. शेताशिवारात उंदीर, घुशी यांच्यासारख्या प्राण्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम अजगर करीत असतो. आळशी म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पिल्लू लहान असते तेव्हा

पालनाचा सारा मोह पिलावरच जडतो. ब्रह्मदेशी अजगराचे नुकतेच अंड्यातून निघालेले पिल्लू जेमतेम दोन फुटांचे असते. ते मनगटाभोवती गुंडाळून बसते, काचेच्या लहानशा पेटीत मावते आणि आठवड्याला एखाद्या उंदरावर त्याचे भागते. भरपूर आहार मिळाल्यास हेच पिल्लू दोन-तीन वर्षांत तीन मीटरांच्या घरात जाते. पूर्ण वाढलेल्या मादीचे वजन चाळीस किलोंहून अधिक होऊ शकते. बंदिवासात असा अजगर वीस-पंचवीस वर्षे जगतो. विद्यार्थिदशेत घेतलेले पिल्लू त्या विद्यार्थ्याच्या नोकरीत, संसारात आणि त्याच्या मुलांच्या बालपणात सोबत राहणार असते. पिल्लू निवडणारा माणूस त्या दिवशी खरे तर पुढील पाव शतकाची निवड करीत असतो. आणि डोळ्यांसमोर मात्र दोन फुटांचे जनावर असते. या विषयातील बहुतेक सर्व अनर्थांचे मूळ येथे आहे.

अजगराची भक्ष्य पकडण्याची रीतही लक्षात घेतली पाहिजे. तो दबा धरून बसतो. त्याच्या ओठांवरील खळग्यांना उष्णता जाणवते, त्यामुळे काळोखातही उबदार रक्ताचा प्राणी त्याला ओळखता येतो. आत वळलेल्या दातांनी तो भक्ष्य धरतो आणि तत्क्षणी वेटोळे आवळतो. भक्ष्य गुदमरून मरते, असा पूर्वी समज होता. बोआ सापांवरील एक संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात वेटोळ्याच्या दाबाने काही सेकंदांतच भक्ष्याचे रक्ताभिसरण बंद पडू लागते, असे दिसून आले. म्हणजे सोडवणूक करण्यास मिळणारा अवधी समजुतीपेक्षाही कमी असतो. अजगर कुत्र्याप्रमाणे धन्यावर माया करीत नाही, तसा तो वैरही धरीत नाही. हाताला सशाचा वास लागला असेल, तर तो हात त्याच्या लेखी भक्ष्यच होय.

जेथे अनुमती आहे, तेथील जाणत्यांची रीत

ब्रिटनमध्ये धोकादायक वन्य प्राण्यांसंबंधी १९७६ चा कायदा आहे. त्या कायद्याच्या यादीत अनेक विषारी साप असले, तरी अजगरांचा समावेश नाही. अमेरिकेत निरनिराळ्या राज्यांचे नियम निरनिराळे आहेत. अशा देशांत महाकाय अजगर पाळणारे अनुभवी लोक आहेत. आणि नवशिक्याला सर्वांत कठोर प्रश्न विचारतात ते हेच लोक.

त्यांचा पहिला प्रश्न असतो तो पूर्वानुभवाचा. ज्याने बॉल पायथनसारखा लहान साप काही वर्षे निगुतीने सांभाळलेला नाही, त्याने महाकाय अजगराचा विचारच करू नये, असे ते सांगतात. दुसरा प्रश्न जातीचा. ब्रह्मदेशी अजगर स्वभावाने तुलनेने शांत मानला जातो. जाळीदार अजगर अधिक चपळ असून भक्ष्याच्या चाहुलीने झटकन हल्ला करतो. आफ्रिकी खडकी अजगर तापट म्हणून ओळखला जातो. तिसरा प्रश्न लिंगाचा. या जातींत नर मादीपेक्षा बराच लहान राहतो, म्हणून नवशिक्यास नर सुचविला जातो. इंडोनेशियातील काही लहान बेटांवरील जाळीदार अजगर आकाराने ठेंगणे असतात; तेही याच कारणाने पसंत केले जातात. मात्र 'ठेंगणे' हा शब्द सापेक्ष आहे, हे विसरून चालत नाही.

त्यानंतर प्रत्यक्ष प्राण्याची पारख होते. पिल्लू रानातून धरलेले नसून बंदिवासात जन्मलेले असावे. डोळे स्वच्छ असावेत, तोंडात फेस किंवा सूज नसावी, खवल्यांखाली गोचिडी वा किडे नसावेत आणि हातात घेतल्यावर अंग लुळे न वाटता भरीव लागावे. ते नियमितपणे खाते की नाही, हे खाताना पाहूनच ठरवावे. शक्यतो मेलेले, गोठवून पुन्हा उबेवर आणलेले भक्ष्य स्वीकारणारे पिल्लू घ्यावे. कारण जिवंत उंदीर सापालाही चावून जखमी करतो.

एवढे झाल्यावर घराचा प्रश्न येतो. पूर्ण वाढलेल्या अजगरास काचेची पेटी पुरत नाही; छोट्या खोलीएवढी, कुलूपबंद जागा लागते. तिच्या एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा राखावा लागतो, पोहण्याएवढे पाणी ठेवावे लागते आणि वीज गेली तरी तापमान ढळू नये अशी तजवीज करावी लागते. आहार म्हणून उंदरांच्या जागी ससे येतात. मोठे भक्ष्य गिळल्यावर अजगराच्या शरीरात विलक्षण बदल होतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ब्रह्मदेशी अजगराचे हृदय जेवणानंतर दोन-तीन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढते. अशा अवस्थेत त्याला हाताळल्यास तो खाल्लेले ओकून टाकतो. सापांच्या अंगावरून माणसास साल्मोनेला जंतूंची बाधा होऊ शकते, म्हणून प्रत्येक वेळी हात धुणे आवश्यक ठरते. आजारी अजगरावर उपचार करू शकणारा पशुवैद्य जवळ असावा लागतो. तीन मीटरांच्या घरातील अजगराला कोणीही एकट्याने हात लावू नये, शेजारी दुसरा धडधाकट माणूस हवाच, हा तर तेथील जाणत्यांचा अलिखित दंडक आहे.

या सर्व प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारे घर क्वचितच सापडते. म्हणूनच पहिला महाकाय अजगर कोणता घ्यावा, या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर तेथेही बहुधा "घेऊ नये" असेच येते.

दोन घटना

नियम पाळले गेले नाहीत तर काय होते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. जुलै २००९ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका घरातील पाळीव ब्रह्मदेशी अजगर रात्री पेटीतून बाहेर पडला आणि झोपलेल्या दोन वर्षांच्या बालिकेचा त्याने बळी घेतला. तो अजगर केवळ साडेआठ फूट लांबीचा होता. त्याला महाकाय म्हणावे इतकी त्याची वाढही झालेली नव्हती. ऑगस्ट २०१३ मध्ये कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातील कॅम्पबेल्टन गावी आफ्रिकी खडकी अजगर हवा खेळविण्याच्या नळीतून निसटला. ज्या घरात तो ठेवला होता, तेथे रात्री मुक्कामास आलेल्या चार व सहा वर्षांच्या दोघा भावांचा त्याने जीव घेतला. दोन्ही ठिकाणी अजगर आपल्या उपजत स्वभावाप्रमाणे वागला. चूक माणसांची होती आणि तिचे मोल मुलांनी दिले.

फ्लोरिडाचा धडा

पाळीव अजगराचा धोका घराच्या चार भिंतींत संपत नाही. अमेरिकेत १९९६ ते २००६ या काळात सुमारे ९९ हजार ब्रह्मदेशी अजगर आयात करण्यात आले. पिल्ले मोठी झाल्यावर कित्येकांना ती सांभाळवेनात. कोणी ती रानात सोडून दिली, काही आपण होऊन निसटली. १९९२ च्या अँड्र्यू वादळात अजगरांची पैदास करणारे एक केंद्र उद्ध्वस्त झाले, त्यातूनही काही बाहेर पडले असावेत. दक्षिण फ्लोरिडातील एव्हरग्लेड्स ही विस्तीर्ण, उबदार दलदल त्यांना मानवली. २००० सालापर्यंत तेथे त्यांची प्रजा वाढत असल्याचे स्पष्ट झाले.

पुढे काय घडले हे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवून दिले. अजगर जेथे सर्वांत आधीपासून आहेत, त्या भागात रॅकून या प्राण्याचे दर्शन ९९.३ टक्क्यांनी, ओपोसमचे ९८.९ टक्क्यांनी आणि बॉबकॅट या रानमांजराचे ८७.५ टक्क्यांनी घटले होते. पाणथळीतील ससे तर दिसेनासेच झाले. तेथील प्राण्यांना अशा शिकाऱ्याची ओळख नव्हती आणि अजगरास तेथे पुरेसा शत्रू नव्हता. २०२२ साली तेथे सापडल्याचे जाहीर झालेल्या एका मादीचे वजन ९७.५ किलो भरले व तिच्या पोटात १२२ अंडी वाढत होती.

या संकटात अमेरिकेला तामिळनाडूतील इरुळा जमातीची मदत घ्यावी लागली, हे भारतीयांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणाऱ्या या जमातीतील वडिवेल गोपाल आणि मासी सदय्यन २०१७ च्या जानेवारीत फ्लोरिडाला गेले. अजगराचा माग, त्याची विष्ठा, गवतावरील घसट यांवरून त्यांनी चार आठवड्यांच्या आत २७ अजगर शोधून काढले. २०२३ साली या दोघांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. परंतु अशा निष्णात माणसांनाही ती दलदल अजगरमुक्त करता आलेली नाही. अमेरिकेने २०१२ साली ब्रह्मदेशी, भारतीय व आफ्रिकी खडकी अजगरांच्या आणि २०१५ साली जाळीदार अजगराच्या आयातीवर बंदी घातली; २०२१ पासून फ्लोरिडाने पाळीव प्राणी म्हणून नव्याने ब्रह्मदेशी अजगर घेण्यास मज्जाव केला. घोडा पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप घालण्यासारखेच ते झाले.

आपला कायदा काय सांगतो?

भारतात हा प्रश्न कायद्याने सोडविला आहे. भारतीय अजगर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये समाविष्ट असून त्याला सर्वोच्च संरक्षण लाभले आहे. त्याला पकडणे हीदेखील कायद्याच्या परिभाषेत शिकारच ठरते. त्याची अंडी नष्ट करणे हाही गुन्हा आहे. मग ते पिल्लू स्वतःच्या कुळागरात सापडलेले असो वा कोणी 'भेट' दिलेले असो. अनुसूची १ मधील प्राण्यासंबंधीच्या गुन्ह्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड, अशी शिक्षेची तरतूद आहे. ब्रह्मदेशी व जाळीदार अजगर हेही भारताच्या काही भागांत निसर्गतः आढळतात आणि तेही संरक्षित आहेत. परदेशी मानून ते कोणी विकत घेऊ लागल्यास त्याने सावध राहावे.

निव्वळ परदेशी असलेल्या जातींसंबंधीही मोकळीक उरलेली नाही. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सायटिस कराराचा भारत १९७६ पासून सदस्य आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, या करारातील प्राणी अधिनियमाच्या कक्षेत आणले. त्यानुसार २०२४ साली नियम करण्यात आले असून असा जिवंत प्राणी बाळगणाऱ्यास केंद्र शासनाच्या 'परिवेश' या संगणकीय प्रणालीवर त्याची नोंदणी करावी लागते. प्राण्याचा जन्म, मृत्यू वा हस्तांतर झाल्यास त्याचीही वर्दी द्यावी लागते. नोंदणीच्या कागदावाचून अजगराचे पिल्लू विकणारा माणूस गिऱ्हाइकाला गुन्ह्यात ओढीत असतो. अशी पिल्ले विमानाने चोरट्या मार्गाने येताना पिशव्यांत कोंबलेली असतात व त्यांतील कित्येक वाटेतच मरतात.

नागरिकांनी काय करावे?

घराजवळ अजगर दिसल्यास त्याला मारू नये, डिवचू नये व पकडू नये. मुले आणि कुत्री दूर न्यावीत, अजगरावर लांबून नजर ठेवावी आणि नजीकच्या वन कार्यालयास कळवावे. खुराड्यात शिरून त्याने कोंबडी गिळली असेल, तर त्याला हुसकावून लावण्याचा खटाटोप करू नये. बागेच्या जाळीत तो अडकला असेल, तर ओढाताण केल्याने तो अधिकच जखमी होतो. माहीतगार कर्मचाऱ्यास जाळी कापू द्यावी. गर्दी जमवून, अजगर गळ्यात घालून छायाचित्रे काढण्याचा प्रकार सर्वथा टाळावा.

एक इशारा विशेष महत्त्वाचा आहे. घोणस हा अतिविषारी साप आणि अजगराचे पिल्लू यांच्या अंगावरील नक्षीत घाईघाईने पाहणाऱ्यास साम्य वाटते. घोणशीच्या अंगावरील ठिपके साखळीसारखे ओळीने असतात व ती डिवचली असता कुकरच्या शिटीसारखा मोठा फूत्कार करते. परंतु हा भेद प्रसंगी ध्यानात राहीलच असे नाही. अजगराचे पिल्लू समजून घोणस उचलणाऱ्यावर प्राणसंकट ओढवते. यास्तव "पिल्लूच तर आहे" या भरवशावर कोणत्याही सापास हात लावू नये. दंश झाल्यास मांत्रिकाकडे वेळ न दवडता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे.

एखाद्याने अजाणतेपणी पिल्लू घरी आणलेच असेल, तर ते परस्पर दूरच्या रानात नेऊन सोडू नये. असा प्राणी ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत वन अधिकाऱ्यास किंवा पोलीस ठाण्यास कळविणे कायद्याने बंधनकारक आहे. परदेशी साप तर कोणत्याही परिस्थितीत मोकळा सोडता कामा नये. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी दुसरे एव्हरग्लेड्स होऊ नये ही जबाबदारी प्रत्येकाची आहे.

अजगराविषयी ओढ वाटणाऱ्या तरुणांना अभ्यासाचे मार्ग खुले आहेत. पुण्याच्या कात्रज येथील प्राणिसंग्रहालयात किंवा चेन्नईच्या सर्पोद्यानात अजगर जवळून पाहता येतो. सापांविषयीचे शास्त्रीय ज्ञान मिळवून गावकऱ्यांचे गैरसमज दूर करणाऱ्यांची तर गावोगाव गरज आहे. कुळागरात सापडलेले ते हातभर पिल्लू आपल्या वाटेने झाडोऱ्यात निघून गेले, तर पुढील वीस वर्षे ते त्याच परिसरातील उंदीर-घुशींवर जगेल. त्याला ना पेटी लागेल, ना ऊब, ना कोणाचा पैसा. त्याची राखण करण्याची याहून सोपी रीत दुसरी नाही.